कळ कोणाच्या हातीं?

लौकिक न्यायांमध्यें देहलीदीपन्याय आम्हांस विशेष प्रिय आहे. उंबरठ्यावर ठेविलेला दिवा घरांतही उजेड पाडतो व अंगणांतही. एका वस्तूनें दोन कार्यें साधतात, एवढाच त्याचा शास्त्रार्थ. परंतु त्या दृष्टांतांत आणखी एक गोष्ट अध्याहृत आहे. उंबरठ्यावरचा दिवा घरांतील कोणालाही लावतां येतो व कोणालाही शांत करतां येतो. तो सासूचा नव्हे, सुनेचा नव्हे, मिळवत्या मुलाचाही नव्हे. तो घराचा आहे. विजेच्या दिव्याची भिंतीवरील कळ आजवर अशीच घराची होती. ती कळ आतां बदलूं लागली आहे, आणि म्हणून गृहस्थाश्रमी वाचकांशीं या महिन्यांत तिच्याविषयीं चार शब्द बोलावे, असें आम्हीं योजिलें आहे.

पुण्यांत हल्लीं पेठांतील जुन्या वाड्यांच्या जागीं उभ्या राहिलेल्या इमारतींत काय, किंवा कोथरूड, औंध, बाणेर या बाजूंच्या नव्या वसाहतींत काय, ‘स्मार्ट स्विच’ या नांवाची कळ दिसूं लागली आहे. बाहेरून पाहिली तर ती साध्या कळीसारखीच असते, किंवा कांचेची एक गुळगुळीत पाटी असते. परंतु तिच्या पोटांत लहानसा संगणक व बिनतारी संदेश घेणारें यंत्र बसविलेलें असतें. त्यामुळें दिवा लावण्यासाठीं भिंतीपर्यंत जावें लागत नाहीं. मोबाइलवरून, तोंडी आज्ञेनें, किंवा आधीं नेमून दिलेल्या वेळीं आपोआप दिवा लागतो व पंखा कमी-अधिक होतो. ‘स्मार्ट’ या शब्दाला ‘चतुर’ असा प्रतिशब्द कोणी देतील. आम्हांस मात्र तो शब्द ऐकतांच ‘स्मार्त’ आठवतो. हा केवळ श्लेष नव्हे. जो स्मृतीला धरून वागतो तो स्मार्त. आणि ही कळही स्मृतीला धरूनच वागते, हें पुढें दिसून येईल. ती स्मृति कोणी घालून दिली आणि आज्ञा कोणाची चालते, हाच काय तो कळीचा मुद्दा आहे.

पंख्याचें सूत्र कोणाच्या हातीं असावें, हा प्रश्न आजचा नाहीं. विजेचा पंखा येण्यापूर्वीं कचेऱ्यांतून व साहेबलोकांच्या बंगल्यांतून छताला कापडी झालरीचा पंखा टांगलेला असे, आणि त्याची दोरी भिंतीच्या भोकांतून बाहेर काढून पडवींत बसलेल्या पंखेवाल्याच्या हातांत दिलेली असे. वारा खाणारा आंत, दोरी ओढणारा बाहेर. बाहेरच्याला डुलकी लागली कीं आंतला घामाघूम. विजेचा दिवा नवा होता तेव्हांही त्याची कळ पुष्कळदां भिंतीवर नसे. दिव्याच्या बुडाशींच लहानशी किल्ली असे, व ती फिरविण्यास दिव्यापर्यंत हात पोंचावा लागे. इ. स. १८८४ मध्यें इंग्लंडांतील न्यूकॅसल येथील जॉन हेन्री होम्स या अभियंत्यानें झटकन तुटणारी कळ शोधून काढली. चालू विजेची वाट सावकाश तोडली तर दोन टोकांमध्यें ठिणगी लांबते आणि धातु जळतो. स्प्रिंगच्या जोरानें तीं टोकें एकदम दूर सारलीं तर ठिणगीला अवसर मिळत नाहीं. आपण कळ दाबतांना जो ‘टक्’ असा आवाज ऐकतों, त्याचें मूळ या युक्तींत आहे. त्या कळीनें पंख्याची दोरी परक्याच्या हातांतून काढून घरांतील प्रत्येकाच्या बोटाखालीं आणून ठेविली. नव्वदीची पणजी आणि टांचा उंचावून उभें राहिलेलें चार वर्षांचें मूल, दोघांच्याही पुढें ती सारखीच नम्र असते. आलेला पाहुणा, स्वयंपाकाच्या बाई, रात्रीं उठलेला आजारी मनुष्य, कोणालाही ती ‘तूं कोण?’ असें विचारीत नाहीं.

नवी कळ या समतेला बाध आणील काय? तिचे गुण प्रथम सांगणें न्यायाचें होईल. वृद्ध माणसाला रात्रीं दोन वेळां उठावें लागतें. अंधारांत कळ चांचपडतांना पाय अडखळून मांडीचें हाड मोडल्याचीं उदाहरणें आपल्या आप्तवर्गांत कोणाला ठाऊक नाहींत? उशाशीं ठेविलेल्या लहान बटणानें, किंवा नुसत्या शब्दानें दिवा लागला, तर तें संकट टळतें. पुण्याच्या हवेचाही एक विशेष आहे. उकाड्याच्या दिवसांतही पुष्कळदां पहाटे गारवा सुटतो. रात्रीं अकराला भरधांव लावलेला पंखा चार वाजतां सोसवत नाहीं, आणि संधिवातानें जखडलेल्या मनुष्यास उठून तो कमी करवत नाहीं. नव्या कळीला एकदां सांगून ठेविलें कीं ती तीन वाजतां पंखा पांचावरून दोनावर आणते. सूर्यास्ताची वेळही तिला समजते. पुण्यांत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, तर जुलैच्या आरंभीं सव्वासातच्या सुमारास. गांवाचे अक्षांश-रेखांश घेऊन हा फरक ती स्वतःच मोजते, आणि मंडळी परगांवीं असलीं तरी बाहेरच्या खोलींतील दिवा दिवेलागणीस लावते. भाषेची अडचणही थोडी दूर झाली आहे. गूगलच्या आवाजी मदतनिसाला २०१८ सालीं मराठी आली. तरी जें उपकरण घ्यावयाचें तें आपली मराठी आज्ञा समजतें कीं नाहीं, हें दुकानांतच बोलून पाहावें.

परंतु दुसरी बाजूही आम्हीं पाहिली आहे. कोथरूडकडील एका सुशिक्षित घरीं दिवाणखान्यांतील जुनीं बटणें काढून कांचेची पाटी बसविली होती. मुलगा व सून कामावर गेलेलीं. दोघांचे मोबाइल अर्थातच त्यांच्याबरोबर. इंटरनेट सकाळपासून बंद. आणि घरीं ऐंशीच्या घरांतील बाई एकट्या. काळ्या कांचेवर बोट कोठें ठेवावें हें त्यांना दिसेना, आणि जेथें ठेविलें तेथें त्यांच्या कोरड्या, सुरकुतलेल्या बोटाचा स्पर्श त्या कांचेला ओळखूं येईना. देवापुढची समई लावून तिच्या उजेडांत त्या बसून राहिल्या. सून आली ती घाबरून म्हणाली, “आई, अंधारांत कां बसलांत? मला फोन तरी करायचा!” बाई शांतपणें म्हणाल्या, “आपल्याच घरांतला दिवा लावायला परवानगी मागूं होय ग?” त्या सुनेच्या मायेंत कांहीं कमी नव्हतें, आणि यंत्रही मोडलेलें नव्हतें. तरी त्या एका वाक्यांत या विषयाचें सर्व सार आलें आहे. घरांतील सर्वांत दुबळ्या हाताला जी वश असते, तीच कळ घराची म्हणावी. पुढें जें सांगावयाचें आहे तें या एका सूत्रावरचें भाष्य समजावें.

बाजारांत या कळीचे मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एकांत जुना बोर्ड सबंध काढून स्पर्शानें चालणारी कांचेची पाटी बसवितात. दुसऱ्यांत जुनीं बटणें जागच्या जागीं राहतात, आणि त्यांच्या पाठीमागें भिंतींतील पेटींत काडेपेटीएवढी एक डबी बसवितात. तिला दुकानदार मॉड्यूल म्हणतात. बटण दाबलें तरी डबीला सूचना मिळते, मोबाइलवरून सांगितलें तरी मिळते, आणि दिवा लावण्याचें काम डबी करते. बहुतेक डब्यांत एक इवलासा विद्युच्चुंबक असतो. तो धातूची जीभ ओढून विजेची वाट जोडतो. याला रिले म्हणतात, आणि कान देऊन ऐकल्यास त्याचाही ‘टक्’ भिंतीच्या पोटांतून ऐकूं येतो. एकत्र कुटुंबाला आमची शिफारस या दुसऱ्या प्रकाराची आहे. हात ओळखीच्या जागीं जातो, बोटाला ओळखीचा खटका लागतो, आणि इंटरनेट बंद असो वा मोबाइल हरवलेला असो, दिवा लागतो. मात्र भिंतींतील पेटी पुरेशी खोल हवी. उथळ पेटींत डबी कोंबून तारा दाबून बसविणें धोक्याचें आहे. बुधवार पेठेंतील तपकीर गल्लींत — नांव तपकिरीचें, परंतु माल विजेचा — असल्या वस्तूंच्या दुकानांची दाटी आहे. तेथें कांचेची पाटी डोळ्यांत भरते. डबी भरत नाहीं. ही खरेदी करतांना डोळ्यांपेक्षां बोटांचें ऐकावें.

डबी घेण्यापूर्वीं बोर्ड उघडवून एक गोष्ट पाहून घ्यावी: तेथें न्यूट्रलची तार आहे कीं नाहीं. साधी कळ म्हणजे वाटेवरचें फाटक. वीज फेजच्या तारेनें येते, फाटकांतून दिव्याकडे जाते, आणि न्यूट्रलच्या तारेनें परत फिरते. फाटकाला स्वतःला वीज लागत नाहीं, म्हणून जुन्या वायरिंगांत न्यूट्रलची तार पुष्कळदां कळीपर्यंत आणीतच नसत. ती वरच्या वर दिव्याकडे नेत. नव्या कळीच्या फाटकावर एक पहारेकरी बसलेला आहे. दिवा बंद असतांनाही त्याला जागें राहावयाचें असतें, आणि त्यासाठीं त्याला अहोरात्र थोडी वीज, म्हणजे फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा लागतात. ज्या बोर्डावर प्लग लावण्याचें सॉकेट आहे तेथें न्यूट्रल असतेच, कारण सॉकेटाला ती लागते. आपल्याकडे दिवे-पंख्यांच्या बोर्डावर असें सॉकेट बहुधा असतें, म्हणून काम सोपें जातें. नुसत्या बटणांचा बोर्ड असेल तर मात्र अडचण येते. न्यूट्रलवांचून चालणारींही यंत्रें मिळतात. तीं दिव्यामधूनच थोडी वीज वाहवून आपलें पोट भरतात, आणि दिवा एल.ई.डी.चा असला तर तो बंद असतांनाही मंद उजळतो किंवा लुकलुकतो. वायरमनकडून न्यूट्रलची तार ओढवून घेणें हाच खरा उपाय.

येथें दोन गोष्टी कटाक्षानें टाळाव्या. कांहीं कारागीर शेजारच्या दुसऱ्याच मंडलाची न्यूट्रल उसनी घेतात. त्यामुळें गळती ओळखून वीज तोडणारें रक्षकयंत्र कारण नसतां पडतें, आणि पुढें कधीं दुरुस्तीच्या वेळीं मेलेली समजलेली तार जिवंत निघते. कांहीं याहूनही वाईट करतात; न्यूट्रलच्या ऐवजीं अर्थिंगची हिरवी तार वापरतात. अर्थिंग ही संकटकाळीं प्राण वाचविण्याची वाट आहे. तिच्यावरून रोजची वाहतूक सुरू केली, तर फ्रिज, गीझर यांच्या धातूच्या अंगावर वीज उतरण्याचा संभव असतो. अशी तोड सुचविणाऱ्या कारागिराला दारांतूनच नमस्कार करावा.

पंख्याचें प्रकरण दिव्याहून नाजूक आहे. दिव्याला लागणें व शांत होणें एवढ्या दोनच स्थिति. पंख्याला वेग आहे. पूर्वींच्या मोठ्या चौकोनी रेग्युलेटरांत तारेच्या वेटोळ्यांनीं वीज अडवून पंखा हळू करीत, आणि अडलेली वीज उष्णता होऊन फुकट जाई. मागाहून आलेल्या लहान इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरांत विजेच्या लहरीचा कांहीं भाग कापून वेग कमी करतात; त्यानें पंखा कित्येकदां गुणगुणतो. कपॅसिटर वापरून पायरीपायरीनें वेग बदलणारा रेग्युलेटर त्याहून बरा. त्यांत आवाज नाहीं व उष्णताही फार नाहीं. नवी डबी घेतांना तींत पंख्यासाठीं असें निराळें द्वार आहे कीं नाहीं तें पाहावें. दिव्याचा उजेड कमी-अधिक करण्याचें द्वार पंख्याला जोडूं नये, मोटार तापते. जुना रेग्युलेटर व नवी डबी अशा दोन नियंत्रकांना एकामागें एक जुंपूं नये. आणि जी गोष्ट विकणारा आपण होऊन बहुधा सांगत नाहीं ती ही: जुना रेग्युलेटर काढल्यावर वेग बदलण्याची सोय भिंतीवर उरते काय? पुष्कळ डब्यांत भिंतीवरच्या बटणानें पंखा फक्त चालू-बंद होतो आणि वेग मात्र मोबाइलवरूनच बदलतो. ज्यांना पहाटे गारवा बाधतो त्यांच्याच हातून वेग काढून घेणें म्हणजे औषधाची बाटली वरच्या फळीवर ठेवण्यासारखें आहे. भिंतीवर फिरविण्याची खुंटी किंवा वेगाचीं बटणें असलेला प्रकारही मिळतो. घरीं वृद्ध असतील तर तोच घ्यावा.

हल्लींचा कमी विजेचा पंखा, ज्याला बी.एल.डी.सी. म्हणतात, तो घरीं असेल तर नियम आणखी बदलतो. त्याच्या वेगाचें यंत्र त्याच्याच पोटांत असतें, म्हणून त्याला रेग्युलेटर मुळींच चालत नाहीं. पूर्ण दाबाची वीज सतत हवी. तो आपल्या रिमोटनें चालतो, परंतु भिंतीवरचें बटण कोणी संवयीनें बंद केलें कीं रिमोट निरुपयोगी होतो. आणि रिमोट गादीखालीं गेला कीं पंखा अनाथ होतो. अशा पंख्याला डबीकडून फक्त चालू-बंद एवढेंच काम घ्यावें, आणि रिमोटला भिंतीवर, बटणाच्या शेजारीं, कायमची खुंटी ठोकून द्यावी.

आतां धोक्याविषयीं. आपल्या घरची वीज २३० व्होल्टची असते, व तिला ओळखदेख नाहीं. हें काम परवानाधारक वायरमनकडूनच करवावें. हौशी चिरंजीवांनीं संगणकावर चित्रें पाहून करूं नये. काम सुरू करण्यापूर्वीं मेन स्विच बंद करणें सर्वांना ठाऊक असतें. परंतु ज्या घरीं इन्व्हर्टर आहे तेथें तेवढ्यानें भागत नाहीं. मेन बंद होतांच इन्व्हर्टर, वीज गेली असें समजून, बॅटरींतून पुरवठा सुरू करतो; आणि तो पुरवठा नेमका दिवे व पंखे यांच्याच तारांत जातो. म्हणून इन्व्हर्टरही बंद करून, टेस्टर लावून प्रत्येक तार निर्जीव असल्याची खात्री करावी. कळ फेजच्या तारेवर आहे कीं चुकून न्यूट्रलवर, हेंही त्याच वेळीं तपासून घ्यावें; न्यूट्रलवर कळ असेल तर दिवा शांत दिसतो, परंतु होल्डरमध्यें वीज जागी राहते. जुन्या वाड्यांत सागवानी पट्टीवर ठोकलेल्या तारांचें आवरण हात लावतांच कोरड्या पापुद्र्यासारखें झडतें. तेथें नव्या कळीचा विचार मागें ठेवून आधीं वायरिंग बदलावें. आणि गीझर किंवा इस्त्री यांसारखा मोठा भार या लहान डब्यांवर घालूं नये.

आतां त्या स्मृतीकडे वळूं. वीज जाऊन परत येते तेव्हां साधी कळ जेथें होती तेथेंच असते. नव्या कळीला मात्र आपण कोणत्या स्थितींत होतों हें आठवावें लागतें. तिला ‘वीज येतांच लाग’ असें शिकविलें असेल, तर पावसाळ्याच्या रात्रीं गेलेली वीज पहाटे तीन वाजतां येते आणि घरांतील सर्व दिवे एकदम लागून लहान मुलें दचकून उठतात. ‘बंद राहा’ असें शिकविलें असेल, तर आजारी मनुष्याच्या खोलींतील पंखा वीज येऊनही फिरत नाहीं. ‘पूर्वस्थिति स्मर’ हा तिसरा पर्याय बहुतेक उपकरणांत असतो, तोच ठेवावा. आमच्या मतें कळीचें स्मार्तपण येथें सार्थकीं लागतें.

बिनतारी जोडणीविषयीं दोनच सूचना. बहुतेक स्वस्त उपकरणांना वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीच समजतात, ५ च्या समजत नाहींत; आणि दगडविटांच्या जाड भिंतींतून त्या लहरी क्षीण होतात, तेव्हां राउटरची जागा विचारानें ठरवावी. दुसरी सूचना अधिक महत्त्वाची आहे. पुष्कळ कळींची आज्ञा खोलींतून निघून सातासमुद्रांपलीकडील कंपनीच्या संगणकाकडे जाते, व तेथून आपल्या भिंतीकडे परत येते. ती कंपनी बसली कीं मोबाइलवरची आज्ञाही बसते. अमेरिकेंत ‘रिव्हॉल्व्ह’ नांवाचें घरगुती नियंत्रक यंत्र त्याच्या मालक कंपनीनें २०१६ सालीं कायमचें बंद केलें, आणि २०२२ च्या एप्रिलांत ‘इन्स्टिऑन’ या कंपनीचे संगणक पूर्वसूचनेवांचून बंद पडले. भिंतीवरील बटण स्वतंत्रपणें चालणारें असलें तर अशा प्रसंगीं निदान दिवा तरी लागतो. २०२२ च्या ऑक्टोबरांत अनेक कंपन्यांनीं मिळून ‘मॅटर’ नांवाचें एक समान मानक जाहीर केलें. त्यांत आज्ञा घरांतल्या घरांत फिरूं शकते. खोक्यावर तें नांव असेल तर तो एक गुणच समजावा.

यंत्रापेक्षां खात्याचा प्रश्न कुटुंबाला अधिक जवळचा आहे. ही कळ कोणाच्या तरी नांवें उघडलेल्या खात्याला बांधलेली असते. तें खातें बहुधा घरांतील तरुण मुलाच्या नांवें असतें, आणि तो तरुण दोन वर्षांनीं सॅन होजेस जातो. मग सदाशिव पेठेंतील आजोबांच्या वामकुक्षीचा पंखा पॅसिफिक महासागराच्या कांठावरून चालवितां येतो! यांत माया आहे हें आम्ही जाणतों. परंतु आजोबा केव्हां निजले, केव्हां उठले, रात्रीं कितीदां दिवा लावला, याची नोंदही त्या खात्यांत सांठत असते. वडिलधाऱ्यांना न सांगतां त्यांच्या दिनचर्येची वही दुसऱ्यानें वाचणें, मग तो पोटचा मुलगा कां असेना, आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. आधीं विचारावें, त्यांची संमति असेल तर काळजीपोटीं अवश्य पाहावें. खात्याचें नांव व सांकेतिक शब्द घरच्या वहींत, विमा व घरपट्टीच्या कागदांशेजारीं लिहून ठेवावा. आणि घरीं राहणाऱ्या निदान दोघांस तरी त्या खात्याचा अधिकार असावा.

या कळीनें वीज वाचते काय, असें कोणी विचारतील. त्यांच्यासाठीं त्रैराशिक मांडूं. साधा पंखा सुमारें ७५ वॉटचा. तो रोज दोन तास विसरून चालू राहत असेल तर महिन्याला ४,५०० वॉट-तास, म्हणजे साडेचार युनिट फुकट जातात. नवी कळ तीं वाचवील. परंतु तिचा पहारेकरी जागा राहण्यास एक वॉट घेतो असें धरल्यास महिन्याला पाऊण युनिटाच्या आंतबाहेर ती स्वतः खाते. विसराळू घरांत थोडी बचत होईल. ज्या घरांत उठतांना पंखा बंद करण्याची संवय आहे, तेथें उलट खर्चच वाढेल. याउलट तोच पंखा बदलून सुमारें ३० वॉटचा घेतला, व तो रोज बारा तास चालला, तर महिन्याला १६ युनिट वाचतात. छताच्या पंख्यांवर ताऱ्यांची खूण २०२३ पासून सक्तीची आहे, ती पाहून पंखा निवडावा. वीज कांहीं भिंतींत उपजत नाहीं. मुळशीच्या धरणासाठीं जमिनी जाणार म्हणून पुणें जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला व सेनापति बापट त्याचे पुढारी झाले; त्या धरणाचें पाणी घाट उतरून भिरा येथें अजून वीज निर्माण करीत आहे. बचतीसाठीं यंत्र घेण्यापूर्वीं संवय लावावी. तिला न्यूट्रल लागत नाहीं.

तेव्हां ही कळ घ्यावी कीं न घ्यावी? घ्यावी, परंतु सूचीकटाहन्यायानें. लोहाराकडे सुई व कढई अशीं दोन कामें एकदम आलीं तर तो आधीं सुई करून देतो. सबंध घराचे बोर्ड एकदम फोडूं नयेत. वृद्धांच्या निजावयाच्या खोलींतील एक दिवा व एक पंखा, एवढ्यावर प्रथम प्रयोग करावा, कारण तेथेंच तिचा खरा उपयोग आहे. एक पावसाळा व एक उन्हाळा जाऊं द्यावा. मग पुढच्या खोलीचें पाहावें.

आणि काम पुरें झालें म्हणून वायरमन हात पुसूं लागला, कीं त्याचे पैसे चुकते करण्यापूर्वीं एक परीक्षा घ्यावी. राउटर बंद करावा. सर्वांचे मोबाइल दुसऱ्या खोलींत नेऊन ठेवावे. खिडक्या लावून घ्याव्या. मग घरांतील सर्वांत वडील व्यक्तीस आणि सर्वांत धाकट्या मुलास, कांहीं न शिकवितां, एकामागून एक आंत पाठवून एवढेंच सांगावें, “दिवा लावा, आणि पंखा जरा हळू करा.” दोघांनाही तें जमलें, तर कळ घराची झाली. न जमलें, तर वायरमनला चहा द्यावा, आणि बोर्ड पुन्हां उघडण्यास सांगावें.